खेकडा घेऊ की डेक्कन क्वीनवालं इंजिन?

मागच्या अंकात सहज विचारलं होतं की घरात मॉडेल इंजिन एकच ठेवायचं झालं तर कुठलं ठेवाल, आणि तुम्ही लोकांनी उत्तर द्यायच्या ऐवजी मलाच उलटे प्रश्न पाठवलेत. त्यातले पाच घेतलेत. पहिल्याला जागा जास्त दिलीय, बाकीच्यांनी राग मानू नका.

प्रश्न : दादा नमस्कार. वय ६४, रिटायर, डोंबिवली पूर्वेला वन बीएचके. माझे वडील कर्जतला असिस्टंट ड्रायव्हर होते, घाटात गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं, बँकर, लागतात ना, त्यावर. आम्ही क्वार्टर्समध्ये राहायचो आणि रात्री झोपताना यार्डात उभ्या खेकडा इंजिनाचा कण्हण्याचा आवाज यायचा, तो अजून कानात आहे. आता मुलगी जर्मनीत असते, दिवाळीला येतेय, म्हणते बाबा तुम्हाला एक इंजिन आणते, पण एकच, आणि हँडबॅगेत बसलं पाहिजे. मी यादी केली, स्विस क्रोकोडाइल, इंग्लंडचं वाफेचं फ्लाइंग स्कॉट्समन, नाहीतर तिला पैसे वाचवू दे आणि इथेच एकाकडून विजेचं डब्ल्यूएपी-७ बनवून घेतो कारण हल्ली डेक्कन क्वीनला तेच असतं, नाहीतर मग डब्ल्यूपी, वाफेचं. रूळ, ट्रान्सफॉर्मर काहीच नाही अजून. बायको म्हणते शोकेसमध्ये ठेवणार असाल तर आधी तुमच्या कॅरमच्या ट्रॉफ्या काढा. काय घेऊ?
— कर्जतचा पोरगा, डोंबिवली

उत्तर : काका, यादी चार नावांची आहे पण पत्र एकाच इंजिनाबद्दल आहे, तुमच्या लक्षात आलं नसेल तर सांगतो. बाकीच्या तिघांना तुम्ही मिळून दोन ओळी दिल्यात, आणि खेकड्याचा आवाज अजून कानात आहे म्हणता. क्रोकोडाइल घ्या.

आता क्रोकोडाइल म्हणजे आपला खेकडा नव्हे, हे तुम्हाला माहितीये, पण बाकी वाचकांसाठी सांगतो. आपला खेकडा म्हणजे डब्ल्यूसीजी-१, जीआयपी रेल्वेच्या, म्हणजे मध्य रेल्वेच्या आधीच्या, काळात ईएफ/१ म्हणायचे. एकूण ४१ आली, १९२८ पासून. त्यातली पहिली १० स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुरच्या एसएलएम कारखान्यात बनली आणि उरलेली इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत. याच एसएलएमने त्याच्या आधी, १९१९ पासून, गोटहार्ड घाटासाठी सीई ६/८ नावाची इंजिनं काढली होती, पुढे मागे लांब नाकं, मध्ये ड्रायव्हरची खोली, आणि अख्खं इंजिन तीन तुकड्यांत वळणारं. त्यालाच तिकडे क्रोकोडाइल म्हणतात. म्हणजे आल्प्सच्या घाटासाठी सुचलेली गोष्ट बोरघाटात आली आणि इथे आल्यावर मगरीचा खेकडा झाला, कारण आपल्या लोकांना ते उभं असताना कण्हतं आणि पळताना चाकांना जोडलेले दांडे हलवत डुलतं हे जास्त दिसलं. मला विचाराल तर आपलं नाव जास्त चांगलंय. मगर नुसती दिसते तशी, खेकडा चालतो तसा.

तर दुकानात जाऊन थेट घ्यावं असं आपल्या खेकड्याचं मॉडेल मिळत नाही, पण त्याचा हा स्विस चुलतभाऊ मिळतो आणि तोही जर्मनीत, जिथे तुमची मुलगी आहे. याला योग म्हणतात. आवडतं इंजिन मिळत नसेल तर त्याच्या घराण्यातलं घ्यावं असं माझं मत आहे. नुसतं प्रसिद्ध आहे म्हणून परकं इंजिन घेतलं की सहा महिन्यांनी त्याच्यावर धूळ बसते, आमच्याकडे फ्लाइंग स्कॉट्समनवर बसलीय तशी. इंजिन वाईट नाही हो, १९२३ चं, १९३४ मध्ये ताशी १०० मैल गाठलेलं, हिरवंगार, सुंदर. पण ते जिथे बनलं त्या डॉनकास्टरला मी वाढलो नाही, लालबागला वाढलो.

पण मुलीला नुसतं क्रोकोडाइल आण असं सांगू नका, इथेच लोक फसतात. तिला हे नीट लिहून पाठवा.

एचओ स्केल पाहिजे, म्हणजे १:८७, रुळाची रुंदी १६.५ मिलिमीटर. आणि टू-रेल डीसीवालं पाहिजे, म्हणजे साध्या दोन रुळांतूनच करंट घेणारं. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण जर्मनीत कुठल्याही दुकानात क्रोकोडाइल म्हटलं की पहिलं मार्कलिन कंपनीचं काढून दाखवतील, आणि मार्कलिनची पद्धत वेगळी, त्यांच्या रुळात मधोमध बारीक खिळ्यांची ओळ असते, इंजिनाच्या पोटाखाली एक लांब पट्टी असते ती त्यावर घासत जाते, आणि चाकं एकमेकांपासून इन्सुलेट केलेली नसतात. ते इंजिन साध्या दोन रुळांवर ठेवलं की थेट शॉर्ट. इंजिन उलटं करून ओळखायचा नियम सोपा आहे, पोटाखाली पट्टी दिसली तर खाली ठेव. मार्कलिनचीच बहीण कंपनी ट्रिक्स, ती टू-रेल करते, रोको कंपनीनेही हे इंजिन टू-रेलमध्ये काढलंय. सेकंडहँड चांगलं मिळतं तिकडे, खोका आणि कागद असले तर घ्यायला हरकत नाही, फक्त दुकानात रुळावर पुढे मागे चालवून बघायला सांगा, आणि दांडे कुठे अडकतात का तेही.

दुसरी गंमत, स्वित्झर्लंडमध्ये अजून एक क्रोकोडाइल आहे, तपकिरी, छोटं, रेटियन रेल्वेचं. दिसायला फार गोड. पण ती मीटर गेज लाइन, त्याचं मॉडेल १२ मिलिमीटरच्या रुळावर चालतं. मुलगी तेच घेऊन आली तर तुम्हाला अख्खी दुसरी रेल्वे उभी करावी लागेल आणि मग काकू ट्रॉफ्यांसकट तुम्हाला बाहेर काढतील.

बॅगेत बसेल का? बसेल. खरं इंजिन १९.४ मीटरचं, ८७ ने भागा, साधारण २२ सेंटीमीटर. शाळेच्या कंपासपेटीपेक्षा थोडं लांब. पण जड असतं, आणि चेक-इन बॅगेत टाकू नका म्हणावं, दांडे वाकले तर सरळ करणारा माणूस मुंबईत शोधत फिराल. बिल जवळ ठेवायला सांगा आणि कस्टमच्या ड्युटी-फ्री मर्यादेचं आधी बघून घ्यायला सांगा. कुरिअरने तर अजिबात नको. खेळण्यांवरची ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०, आणि स्केल मॉडेलसुद्धा खेळण्यांच्याच खात्यात धरतात, तुम्ही ६४ वर्षांचे आहात याचं त्यांना काही नाही.

वन बीएचकेमध्ये याचा अजून एक फायदा. तीन तुकड्यांत वळत असल्यामुळे हे इंजिन एवढं लांब असूनसुद्धा ३६ सेंटीमीटर रेडियसच्या गोलातून जातं. डब्ल्यूएपी-७ चं एचओ मॉडेल साडेतेवीस सेंटीमीटरच्या आसपास येतं आणि अख्खी बॉडी एकसंध, ते एवढ्या वळणावर बाजूला लटकतं, बघवत नाही. फ्लाइंग स्कॉट्समनला किमान ४३.८ सेंटीमीटरचा रेडियस द्यावा लागतो. तेव्हा ४ फूट बाय ३ फूट प्लायवूड, खाली छोटी चाकं, दिवाणाखाली ढकलायचं, झालं. आणि घाट करायचा असला, तुमच्या डोक्यात आला असणारच, तर बोरघाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे एका मीटरला २.७ सेंटीमीटर. एका रुळावरून दुसरा न्यायला साधारण ७ सेंटीमीटर उंची लागते, म्हणजे अडीच मीटरचा चढ. फळीवर पाऊण चक्कर मारून होतो तेवढा. मागून ढकलायला दुसरं इंजिन लागेल अशी वेळ आली की मुलीला पुढच्या दिवाळीला सांगा.

इथे बनवून देतात त्या इंजिनांबद्दल विचारलंत म्हणून माझा एक किस्सा. मी एकाकडून थ्रीडी प्रिंटेड डब्ल्यूडीएम-२, डिझेल इंजिन, घेतलं होतं, रंग बिंग इतका सुंदर की बोटाने पुसून बघावं वाटलं, आणि मे महिन्यात ते गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून मी वाशीला जेवायला गेलो. परत आलो तर नाक वितळलेल्या कुल्फीसारखं खाली. चूक माझीच. पण तेव्हापासून मी पहिला प्रश्न हा विचारतो की बॉडी कशाची आहे, कारण पीएलए नावाचं जे प्लॅस्टिक प्रिंटिंगला सर्रास वापरतात ते ६० डिग्रीच्या आसपासच मऊ पडतं. दुसरा प्रश्न, खालची चासी, म्हणजे चाकं-मोटरवाला सांगाडा, कुठल्या इंजिनाची वापरलीय आणि तिचे गिअर उद्या मिळतील का. तिसरं, आठ डबे लावून वळणावर चालतानाचा व्हिडिओ दाखव म्हणायचं. दाखवायला तयार नसेल तर ते शोकेसचं इंजिन आहे असं समजायचं. आणि एक मान्य करून चालायचं, आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, तो १:८७ मध्ये १९.३ येतो, पण रूळ मिळतात ते १६.५ चे, त्यामुळे आपली इंजिनं एचओमध्ये नेहमी जाडजूड माणूस तंग पॅंट घालून उभा असल्यासारखी दिसतात. सवय होते.

डब्ल्यूपीचं काय, ७५५ इंजिनं होती, पुढे तारा, गोल टोपी, कोणाला नको असेल. पण पहिलंच इंजिन वाफेचं घेऊ नका, बाहेरचे दांडे, कड्या नाजूक असतात आणि चष्मा लावून स्क्रू शोधण्यात दिवाळी जाईल. हो, दांडे खेकड्यालाही आहेत, पण जाडजूड आहेत.

आणि मुलगी आली की तिला घेऊन सीएसएमटीला जा, १८ नंबर प्लॅटफॉर्मच्या बाजूला हेरिटेज गल्ली आहे, तिथे खरा खेकडा उभा केला होता, अजून तिथेच आहे ना ते जायच्या आधी विचारून घ्या. नाव सर लेस्ली विल्सन, ज्या गव्हर्नरने ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी सोडली त्यांचंच. पोरीला दांडे जवळून दाखवा, मग तिला कळेल आपण काय आणलंय ते. कण्हण्याचा आवाज मात्र तुम्हालाच काढून दाखवावा लागेल.

प्रश्न : मुलगा ७ वर्षांचा, त्याला 'वंदे भारतचं इंजिन' हवंय. ऑनलाइन एक अमेरिकन स्टार्टर सेट बरा दिसतोय, इंजिन वेगळं असलं तरी चालेल म्हणतो. घेऊ का?
— बोरिवलीची आई

उत्तर : ताई, आधी त्याला सांगा की वंदे भारतला वेगळं इंजिन नसतंच, आपल्या लोकलसारखं डब्यांखालीच मोटरी. सातव्या वर्षी ही माहिती वर्गात फार कामाला येते. आणि तो अमेरिकन सेट घेणार असाल तर अडॅप्टर बघा, तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०, सरळ प्लगमध्ये घातला की वाफेचं इंजिन नसून धूर निघेल. इंग्लंडचा सेट असेल तर व्होल्टेजचा प्रश्न नाही, फक्त पिन वेगळी. पण खरं सांगू? सातव्या वर्षी पोरं इंजिन चालवत नाहीत, आपटतात, आणि ते आपटण्याचंच वय आहे. क्रॉफर्ड मार्केटमधून सेलवर चालणारी प्लॅस्टिकची घ्या, दोन वर्षं आपटू दे. दहाव्या वर्षी मागितलं तर मला परत लिहा. मधल्या काळात पुण्याला कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, १९९८ पासून, तिथे घेऊन जा, सिग्नल, घाट, शहर, सगळं चालतं फिरतं. तिथून निघताना रडला नाही तर छंद नाही असं समजा.

प्रश्न : भावा, इंजिनिअरिंग थर्ड इयर, कुर्ला, माझ्याकडे अभ्यासाचं टेबल आहे ४ बाय २ फूट, तेच आहे जे आहे. मित्र म्हणतो एचओ घे, जास्त मॉडेल्स मिळतात. पहिलं इंजिन कुठलं?

उत्तर : मित्राच्या टेबलाचं माप विचार. दोन फूट म्हणजे ६१ सेंटीमीटर, एचओचा सगळ्यात छोटा नेहमीचा गोलच ७२ चा, तुझी गाडी टेबलावरून खाली अभ्यासाच्या पुस्तकांवर जाईल. तू एन गेज घे, १:१६०, रूळ ९ मिलिमीटर. काटो या जपानी कंपनीचे रूळ घे, खाली खडी सकट येतात, खटाखट जोडायचे, परीक्षा आली की पाच मिनिटात काढून ठेवायचे, त्यांचा २८२ मिलिमीटर रेडियस तुझ्या टेबलावर बसतो, जेमतेम, पण बसतो. २४९ वाला घेतलास तर कडेला वहीपण राहील. इंजिन कुठलंही चार किंवा सहा चाकी बोगीवालं डिझेल घे, सगळ्या चाकांतून करंट घेणारं, छोटं वाफेचं नको, पॉइंटवर, म्हणजे रूळ फुटतात तिथे, जाऊन मेल्यासारखं उभं राहतं. काटोचा कंट्रोलर जपानहून आला तर १०० व्होल्टचा असतो हं, लॅमिंग्टन रोडवर १२ व्होल्टचा सप्लाय आणि स्पीड कंट्रोलर मिळून स्वस्तात होतं, इंजिनिअरिंगला आहेस, जोड की. आणि भारतीय इंजिन नाही म्हणून नाराज होऊ नको, पुढे स्वतः प्रिंट करशील. डॅशबोर्डवर ठेवू नको.

प्रश्न : गिरगावातलं घर रिकामं करताना माळ्यावर आजोबांची पत्र्याची गाडी मिळाली, चावीची, हॉर्न्बी लिहिलंय. रंग उडालाय. रंगवून घेऊन शोकेसला ठेवावं का विकावं? चोर बाजारात एकाने भाव सांगितला, फार कमी वाटला.

उत्तर : रंगवू नका. हात जोडून सांगतो, रंगवू नका. हॉर्न्बीने चावीच्या गाड्या १९२० ला सुरू केल्या, ओ गेज, रुळांमध्ये ३२ मिलिमीटर अंतर, मोजून बघा. अशा गाड्यांची किंमत त्या उडालेल्या मूळ रंगातच असते, नवा रंग मारला की उरतो पत्रा. कोरड्या मऊ कपड्याने पुसा, चावी पूर्ण ताणू नका, जुनी स्प्रिंग सुटली तर बोट फुटतं. भाव कमी सांगितला कारण भाव सांगणाऱ्याला घ्यायची होती. आणि विकायचं का हे मला कशाला विचारता, आजोबा तुमचे. मी तुमच्या जागी असतो तर विचारलंच नसतं.

प्रश्न : पावसाळा सुरू झाला की इंजिन धक्के खात चालतं, मध्येच थांबतं, बोट लावलं की परत चालतं. घर वसईला खाडीजवळ. दुरुस्तीला नवी मोटर टाकावी लागेल असं एकजण म्हणतोय. इंजिनच बदलू का?

उत्तर : नवं इंजिन नको, नवी मोटरही नको, कापसाचा बोळा घ्या. बोट लावलं की चालतं म्हणजे मोटर ठणठणीत आहे, करंट पोचत नाहीये. खारी हवा, दमटपणा आणि चाकांवर साठलेला काळा थर, बस. आयसोप्रोपिल अल्कोहोल केमिस्टकडे मिळतं, कापडाला लावून रूळ पुसा, मग कागदी नॅपकिन तेच लावून रुळावर आडवा टाका आणि इंजिनाची अर्धी चाकं त्यावर, अर्धी रुळावर ठेवून करंट द्या, चाकं जागच्या जागी फिरतात आणि नॅपकिनवर दोन काळे पट्टे उमटतात. ते पट्टे बघून जे समाधान मिळतं ते वेगळंच. चाकांवर रबरी रिंगा असतील तर त्यांना अल्कोहोल लावू नका. पॉलिश पेपरने रूळ घासू नका, चरे पडतात आणि पुढच्या वेळी घाण तिथेच बसते. रूळ कुठले आहेत तेही बघा, स्वस्तातले स्टीलचे असतील तर वसईत ते गंजणारच, निकेल सिल्व्हरचे घ्या. तेल द्यायचं तर प्लॅस्टिकला चालणारं, सुईच्या टोकावर येईल तेवढा थेंब. एका वाचकाने खोबरेल तेल घातलं होतं, जानेवारीत गोठलं आणि त्याची गाडी स्टेशनातून सुटेना. खरोखरच्या मध्य रेल्वेसारखंच झालं म्हणाला.